दीडसाहेबांचे चार तारे

माझ्या भावोजींना त्यांच्या वर्तमानपत्रात सगळे दीडसाहेब म्हणत. ते सिनेमाचे समीक्षक होते, आणि विज्ञानपट जगभर कितीही गाजलेला असो, त्याला दीड ताऱ्याच्या वर त्यांनी कधी काही दिलं नाही. वाचकांना वाटायचं, नाव ताऱ्यांवरून पडलंय. आमच्या घरात मात्र ते दीडशहाण्यातलं दीड होतं. घरात ते मीच रुजवलं, त्यामुळे खात्रीने सांगते. ताईला आवडायचं नाही. ती माझ्याहून बरीच मोठी, आईच्या जागी असलेली. ती डोळे वटारायची आणि मी गप्प बसायचे, तेही थोडा वेळच.

विज्ञानपटांचा त्यांना तिटकारा होता म्हणावं, तर एकही चुकवायचे नाहीत. लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. त्यांची तक्रार मुळात एकच, पण ती ते शंभर तऱ्हांनी मांडायचे. "अख्खा गाव यानात बसून वर्षानुवर्षं चाललाय," असं एकदा लिहिलं होतं, "आणि यानात एक संडास दिसला नाही. कुणी शिंकलं नाही. कुणाच्या सदऱ्यावर डाग नाही. मैलभर पांढरेशुभ्र बोळ, पण झाडू कुणाच्याच हातात नाही. हे झाडतं कोण, एवढं दिग्दर्शकाने सांगावं, मी तीन तारे द्यायला तयार आहे."

परग्रहावरून येणाऱ्यांवर त्यांचा वेगळा दात होता. इतक्या लांबून आलेला पाहुणा आधी पाणी मागेल, बसायला जागा बघेल, हे आल्या आल्या इमारती काय पाडतात, असं ते विचारायचे. जग बुडतं तेव्हा नायकाचं कुटुंब तेवढं वाचतं आणि शेजारीपाजारी बुडतात, याचा त्यांना मनापासून संताप यायचा. "शेजाऱ्यांसाठी अर्धा तारा कापला आहे," असं खरंच छापून आलं होतं. मग दीड तरी कशाला देता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एक तारा सुतारांना आणि रंगाऱ्यांना. त्यांनी बिचाऱ्यांनी यान उभं केलंय. अर्धा पुढच्या खेपेला तरी विचार करतील म्हणून."

आणि एक मत असं होतं की ते मी कधी विसरणार नाही. विज्ञानपटात एक ठरलेली गोष्ट असते. माणसाची बायको मरते आणि तिचा आवाज, तिच्या आठवणी कुठल्यातरी यंत्रात भरून तो तिला परत आणतो. अशा एका सिनेमावर भावोजींनी लिहिलं होतं, "आवाज हुबेहूब आहे, हसणं हुबेहूब आहे, फक्त ही बाई पूर्ण सिनेमात नवऱ्याला एकदाही 'नाही' म्हणत नाही. ती यंत्र आहे हे प्रेक्षकाने त्यावरूनच ओळखावं." हे वाचून मी ताईकडे बघितलं होतं. ती भाजी निवडत होती. भावोजींनी हाक मारून चष्मा मागितला, ती उठली, चष्मा देऊन आली आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

त्यांच्या त्या झाडूच्या तक्रारीचं मूळ मला नंतर कळलं. भावोजींची आई सिनेमाघरात झाडलोट करायची. खेळ संपायच्या थोडं आधी झाडणाऱ्या बायकांना आत सोडत, म्हणजे दिवे लागले की लगेच कामाला लागता यावं. त्या हातात झाडू घेऊन भिंतीलगत उभ्या राहत आणि हे पोरगं आईच्या मागे. त्यामुळे लहानपणी त्यांनी कितीतरी सिनेमांचे फक्त शेवट बघितले. कोण कुणाला का मारतंय, कोण कुणाच्या गळ्यात पडून का रडतंय, हे त्यांना आपल्या मनाने रचून घ्यावं लागायचं. पुढे सबंध सिनेमा बघायची ऐपत आली तरी सवय गेली नाही. शेवट फसला की त्यांच्या लेखी सगळं फसलं. असाच एक विज्ञानपट संपत होता, पडद्यावर पुढच्या शतकातलं शहर लखलखत होतं, आणि आई त्यांच्या कानात म्हणाली, "इतकं चकचकीत ठेवतं कोण रे?" त्या प्रश्नावर त्यांनी जन्मभर कॉलम चालवला. हे ते अभिमानाने सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मलाही ऐकून गलबलायचं, खोटं कशाला बोलू. पण स्वतःच्या घरात झाडतं कोण, हे त्या माणसाने कधी विचारलं नाही.

मग त्यांचे डोळे गेले.

एकदम गेले नाहीत. आधी कडा गेल्या. बाजूने आलेला माणूस दिसेना, दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि जे गेलं ते परत येणार नाही हेही सांगितलं. ऑफिसात भावोजींनी मोतीबिंदू आहे असं ठोकून दिलं. पिकला की काढू म्हणाले. लोकांना मोती सांगितला आणि घरात काच, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

लपवायचं कारण उघड होतं. त्यांच्या जागेवर डोळा ठेवून एक दुसरा समीक्षक तिथे बसलेलाच होता. तो येईल त्या सिनेमाला पाच तारे द्यायचा, म्हणून त्याला पंचतारांकित म्हणत. समीक्षकाला दिसत नाही हे कळल्यावर कुठलं वर्तमानपत्र त्याला ठेवील? भावोजी जेवणाच्या टेबलावर आमच्यासमोर म्हणाले, "डोळे गेले तर मी कसाही जगेन. कॉलम गेला तर मी कोण?" मी म्हणणार होते, की तुम्ही माझ्या ताईचे नवरे, ते काही कमी नाही. पण त्याआधीच ताई म्हणाली, "तुम्ही कशाला काळजी करता? काय दिसतं ते मी सांगत जाईन ना."

आणि तिने सांगितलं. पत्रकारांसाठीचे खेळ सकाळी असायचे. दोघं सगळ्यांच्या आधी जायची. ती त्यांच्या कोपराला धरून चालायची, पण अशा बेताने, की बघणाऱ्याला वाटावं तेच तिला आधार देतायत. शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या दोन खुर्च्या. पडद्यावर कुणी बोलत असेल तर ते त्यांना ऐकू येतच होतं. बोलणं थांबलं की ताई कुजबुजायला लागायची. त्यांनी तिला शिकवून तयार केलं होतं. सुंदर म्हणायचं नाही, रंग कुठला ते सांगायचं. भीतीदायक म्हणायचं नाही, कोण कुठे उभं आहे आणि हातात काय आहे ते सांगायचं. पडद्यावर अक्षरं आली तर जशीच्या तशी वाचायची. तळहातावर एकदा दाबलं की जागा बदलली, दोनदा दाबलं की कुणाचातरी चेहरा जवळून दिसतोय. घरी आल्यावर ते सांगायचे आणि ती लिहून घ्यायची.

बाकीच्या समीक्षकांना फार कौतुक. "काय दीडसाहेब, या वयातही हात सुटत नाही बाईसाहेबांचा!" असं कोणीतरी म्हणायचंच. भावोजी मिशीतल्या मिशीत हसायचे आणि ताई लाजायची. ते लाजणं खरं होतं. मला वाटतं, त्यांचा हात इतका वेळ तिच्या हातात लग्नानंतर पहिल्यांदाच राहत होता.

तिला मजाही यायची, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर ताईवर अन्याय होईल. सिनेमाची तिला आधी काही पडलेली नव्हती. आता घरी मला यानं आणि उल्का हातवारे करून दाखवायची. मंगळावरची धूळ कुठल्या रंगाची यावर ती आणि भावोजी वाद घालायचे, म्हणजे भावोजी बोलायचे आणि ती ऐकायची. पण ऐकतानाही तिच्या चेहऱ्यावर तेज असायचं.

ते तेज हळूहळू उतरलं. मी त्यांच्याच इमारतीत खाली राहायचे. जिना चढताना ताई मधल्या वळणावर थांबून पिशवीत किल्ली शोधायला लागली. किल्ली हातात असायची. एक दिवस मी तिला बळेबळे डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप निकामी होत चालली होती, ऑपरेशन झेपेल अशी तब्येत राहिली नव्हती. औषधं, आराम, आणि बोलणं कमी करा, दम लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"बोलणं कमी म्हणजे काय?" बाहेर आल्यावर ताई हसून म्हणाली. "आता त्यांच्यासाठी मूकपट कुठून आणू?"

"मूकपटात तर जास्तच बोलावं लागेल तुला," मी म्हणाले. "ताई, हे बंद कर. मी सांगते भावोजींना."

"तू एक शब्द बोलणार नाहीस. कॉलम जाईल त्यांचा."

"जाऊ दे खड्ड्यात कॉलम!"

"असं नको बोलूस गं. दुसरं काय आहे त्यांच्याकडे?"

"तू आहेस ना. एकदा नाही म्हणून तर बघ. तोंडातून काढून बघ, नाही."

ती रस्त्यात थांबली. खरंच म्हणून बघत असावी, ओठ हलल्यासारखे झाले. मग म्हणाली, "मला नाही जमत. सवयच नाही." आणि एवढ्याशा बोलण्यात दोनदा नाही आलं म्हणून आम्ही दोघी हसलो. हसताना तिला इतका दम लागला की तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसवावं लागलं.

भावोजींना यातलं काही कळलं नाही. आंधळ्या माणसाचे कान तिखट होतात म्हणतात. त्यांचेही झाले होते. शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसलं ते पावलांवरून ओळखायचे. ताई कुजबुजताना मध्येच थांबायची, श्वास गोळा करायची, मग पुढचं बोलायची, हेही त्यांना ऐकू येत होतंच. मी तिथे बसलेली असताना एकदा म्हणाले, "तू हल्ली मध्ये मध्ये जो थांबा घेतेस ना, तो फार छान. ताण वाढतो त्याने. शिकलीस तू." ताईने मान डोलावली. त्यांना ती दिसणार नव्हती, तरी डोलावली. कानांचेच डोळे केलेला माणूस असा कानाडोळा करू शकतो, हे मला तेव्हा समजलं आणि मी तिथून उठून गेले.

पुढचा विज्ञानपट आला तो नेमका ठरलेल्या गोष्टीचा. एक म्हातारा अंतराळवीर एकटाच यानातून दूरच्या ग्रहावर निघालाय. त्याची बायको वारली आहे, तिचा आवाज यानाच्या यंत्रात आहे. दिवे तीच लावते, हवा तीच सोडते, त्याला उठवते, झोपवते, त्याच्या जुन्या बढाया पुन्हा पुन्हा ऐकते. शेवटची दहा मिनिटं कुणीच बोलत नाही, नुसतं संगीत आहे. ग्रह जवळ येतो. म्हणजे शेवट पूर्णपणे ताईच्या हातात होता.

तिने काय सांगितलं ते भावोजींच्या परीक्षणातच आलं. म्हातारा दाराशी जाऊन उभा राहतो आणि दार उघड म्हणून हात हलवतो. दार उघडत नाही. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं येतात, "नाही." तो पुन्हा हात हलवतो. पुन्हा अक्षरं येतात, "दमले मी." आणि यानातले दिवे एकेक करून विझतात.

भावोजी घरी आले ते उड्या मारायचेच बाकी होते. ताईला कागद घ्यायला लावला आणि न थांबता सांगत सुटले. "विज्ञानपटातल्या यंत्राला आजवर राग आला, लोभ सुटला, प्रेम झालं, माणसाचा जीव घ्यावासा वाटला. दमणं मात्र एकालाही सुचलं नव्हतं. बाई दमते हे समजायला या लोकांना इतक्या लांब अंतराळात जावं लागलं. पण समजलं, हे काय कमी आहे? हे 'नाही' ऐकण्यासाठीच मी इतकी वर्षं या अंधारात बसत होतो." आणि खाली चार तारे.

शुक्रवारी सकाळी छापून आलं. दीडसाहेबांचे चार तारे ही बातमीच होती. लोक मुद्दाम तो शेवट बघायला गेले आणि दुपारनंतर वर्तमानपत्रात फोन सुरू झाले. असा शेवट सिनेमात नाहीच, म्हणे. दार उघडतं, बाहेर हिरवळ असते, म्हातारा हसत हसत उतरतो आणि संपतं. पंचतारांकितने तर ऑफिसात मधोमध उभं राहून परीक्षण मोठ्याने वाचून दाखवलं आणि दीडसाहेबांना खेळात झोप लागते असं जाहीर करून टाकलं.

संपादकांनी फोन केला तेव्हा मी वरच होते. संपादक सज्जन माणूस. भावोजींना त्यांनीच प्रथम लिहायला लावलं होतं. पण भावोजींनी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. "तुम्हीच सगळे शेवटाआधी उठून गेला असाल," ते फोनवर ओरडत होते. "शेवट बघत बघत मी लहानाचा मोठा झालोय. मला शेवट शिकवता? उद्या या माझ्याबरोबर, दुपारच्या खेळाला. त्यालाही आणा, त्या पंचतारांकितला. तुमचं खरं निघालं तर पुन्हा एक ओळ लिहिणार नाही!"

ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. दोन दिवसांपासून तिला आडवं पडवत नव्हतं. सर्दी झालीय, असं तिने भावोजींना सांगून ठेवलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी तिला उठताच येईना. "धाकटीला न्या आज," ती भावोजींना म्हणाली. माझं नाव घरात धाकटी हेच. मला तिने खूण करून जवळ बोलावलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुला दिसेल तेच सांग हं. माझ्यासारखं करू नकोस."

"म्हणजे? तू काय केलंस?"

"जा. उशीर होईल."

मी सिनेमाघरात बसले तेव्हा माझ्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला भावोजी, आणि त्यांच्या पलीकडे संपादक आणि पंचतारांकित. भावोजींनी माझा तळहात हातात घेतला. मला ताईसारखं सांगता येत नव्हतं, गडबडत होते, सुंदर म्हणत होते, भयंकर म्हणत होते. ते एकदाही रागावले नाहीत. खुशीत होते. पैज जिंकायला आलेल्या माणसाची खुशी होती ती.

संगीत सुरू झालं. "आता," ते माझ्या कानात म्हणाले. "तो दाराशी जाईल."

"गेला."

"हात हलवला?"

"हो."

"आता पडद्यावर अक्षरं येतील, ती वाच."

यंत्राचा पडदा कोरा होता. मी वाट बघितली. दार उघडलं, उजेड आत आला, म्हाताऱ्याच्या तोंडावर पडला.

"वाच ना. अक्षरं आली?"

"नाही, भावोजी."

"नीट बघ. आधी 'नाही' येतं."

"दार उघडलं. बाहेर हिरवंगार आहे. गवत आहे. तो हसतोय."

मला सगळं त्याच क्षणी उमगलं. 'नाही' आणि 'दमले मी'. ताई काय करून बसली होती ते, आणि का तेही. भावोजींना अजून फक्त अर्धंच उमगलं होतं. त्यांनी माझा हात सोडला.

दिवे लागले. पंचतारांकित काहीतरी बोलणार होता, संपादकांनी त्याला हाताने थांबवलं. "बोला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमची चूक झाली असेल तर चूक झाली म्हणा. दोन ओळींचा खुलासा छापू, विषय संपेल."

भावोजींना खोटं बोलायची सोय होती. डुलकी लागली म्हटलं असतं तर निभावलं असतं. ते उठून उभे राहिले, समोरच्या खुर्चीची पाठ चाचपून धरली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. काहीच दिसत नाही."

या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते.

घरी येताना रस्त्यात ते संतापले. "माझी बायको!" म्हणाले. "तिच्यावर आंधळा विश्वास टाकला मी. चारचौघांत नाक कापलं तिने माझं. का केलं असेल तिने असं? मी काय वाईट केलं तिचं?"

माझा ताबा सुटला. "भावोजी, ती मरायला टेकलीय."

ते थांबले.

"जिना चढवत नाही तिला. रात्री बसून काढते. डॉक्टरांनी बोलायलासुद्धा मना केलंय, आणि ती तुमच्या कानात अख्खेच्या अख्खे सिनेमे ओततेय. तो थांबा घ्यायची ना, तुम्हाला फार छान वाटायचा तो? श्वास पुरत नव्हता तिला!"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिने सांगितलं. परवा सांगितलं, सिनेमात. तुम्ही घरातलं काही ऐकत नाही, सिनेमातलं ऐकता, म्हणून तिथे सांगितलं. 'दमले मी' म्हणाली ती. तुम्ही त्याला तारे दिलेत."

भर रस्त्यात ते उभे राहिले. लोक वळसा घालून जात होते. एका बाईने त्यांना विचारलं, आजोबा, रस्ता ओलांडायचाय का. मी त्यांचं कोपर धरलं, आणि धरल्यावर कळलं की ताई किती हलक्या हाताने धरत असेल, कारण ते माझ्या हातात पूर्ण भार टाकून चालत होते आणि मी तरणीताठी असून दमले.

घरी गेल्यावर ते चाचपडत पलंगापर्यंत गेले आणि कडेला बसले. ताईने विचारलं, "गेला कॉलम?"

"गेला."

"माझ्यामुळे."

"का केलंस असं?" आवाज रागाचा नव्हता आता.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. या खेपेचा थांबा त्यांनी पूर्ण ऐकला. मान तिच्याकडे वळवून, श्वास न् श्वास ऐकला. मग ती म्हणाली, "तुम्ही छापाल असं कुठे वाटलं होतं मला? तुमचे नेहमीचे दीड ठरलेले. मला वाटलं, शेवट खटकेल तुम्हाला. घरी येऊन विचाराल, अगं, असं कसं? मग सांगेन, की असं असं आहे, दम लागतो मला." ती थांबली, पाणी प्यायली. "तुम्ही तर लिहायलाच बसवलंत. बाई दमते म्हणालात. चार तारे म्हणालात. मला वाटलं, कळलं तुम्हाला. म्हणून चार."

भावोजींनी तिचा हात शोधला. तो उशीवर होता, त्यांना सापडेना. तो मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर ती फार जगली नाही. शेवटी शेवटी बोलणं बंदच झालं होतं. एकदा दाबलं की पाणी, दोनदा दाबलं की उशी सारखी करायची. भावोजी रात्रंदिवस तिचा तळहात धरून बसायचे. मी झाडायला गेले की पाय वर घ्यायचे आणि म्हणायचे, "धाकटे, मला दे, मी झाडतो." आंधळा माणूस काय झाडणार? अर्धा कचरा तिथेच राहायचा. तो मी नंतर त्यांना न सांगता काढायचे. ती गेली तेव्हा त्यांचा हात तिच्या हातातच होता, आणि गेली हे त्यांनाच आधी कळलं.

कॉलम पंचतारांकितला मिळाला. भावोजींनी कधी त्याचं काही वाचून दाखव म्हटलं नाही. टीव्ही लावायचे नाहीत, रेडिओ लावायचे नाहीत. ती गेल्याला बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी मीच टीव्ही लावला, तर तोच सिनेमा लागला होता. मी चॅनल बदलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे."

आम्ही बसून पूर्ण बघितला. मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. यंत्रातली बायको दिवे लावत होती, हवा सोडत होती, म्हाताऱ्याच्या बढाया ऐकत होती. मग बोलणं थांबलं आणि संगीत सुरू झालं. भावोजी खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांनी हात बाजूला केला, तळवा वर, पण माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं.

म्हातारा दाराशी गेला. पडदा कोराच होता.

"अक्षरं आली?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्या जिभेवर आलंच होतं, आली म्हणून. पण दिसेल तेच सांग, असं ताईने मला बजावलं होतं.

"नाही, भावोजी. दार उघडलं."

"यायला हवी होती," ते म्हणाले. हात तसाच होता, तळवा वर. संगीत संपून नावं सुरू झाली, तरी त्यांनी तो मिटला नाही. मग म्हणाले, "बंद कर," आणि मी टीव्ही बंद केला.